एकच नुरा

“करपतंय,” जोतिराम म्हणाला.

कपाळाला कपाळ लावून, एकमेकांच्या मानेवर पंजे अडकवून आम्ही मैदानाच्या मधोमध गोल फिरत होतो. हलगी कडाडत होती. म्हसोबाच्या जत्रेतली ही शेवटची, मोठी कुस्ती. वरच्या तालमीचा मी, कृष्णात, आणि खालच्या तालमीचा जोतिराम. भोवती माणूस माणसाला चिकटून बसलेलं. आणि हा बाबा लढायचं सोडून माझ्या कानाशी नाक फेंदारून म्हणतोय, “कायतरी करपतंय बघ.”

माझं टाळकंच सरकलं. माझी आई बाजारात आणि जत्रांत भजी तळायची. त्याच्यावर आमचं घर चालायचं. शाळेत मी वर्गात शिरलो की हाच जोतिराम नाक धरून ओरडायचा, “भजी करपली रंऽ!” आणि सगळी पोरं खिदळायची. तेव्हापासून मला हा माणूस डोळ्यासमोर नको व्हायचा. आणि आता भर आखाड्यात, आई तिकडं कडेला कढई लावून बसलेली असताना, पुन्हा तेच?

“गप लढ की रं,” मी दात खाऊन म्हणालो.

तो लढेना. त्याची पकड सुटली. दोन पावलं मागं सरला आणि नुसता उभा राहिला. डोळे सताड उघडे, पण बघतोय कुठं ते कळेना. तोंडात काही नसताना मचमच चावत होता. आणि उजव्या हातानं आपल्या मांडीवर हळूहळू थापट्या मारत होता. थप, थप, थप.

आखाड्यात मांडीवर थाप मारणं म्हणजे काय, ते आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. त्याला षड्डू म्हणतात. ये, दम असंल तर ये. आणि हा षड्डू तरी कसा, तर विडा चघळल्यासारखं तोंड हलवत, माझ्याकडं न बघता, अंगावरची माशी हाकलावी तसा! लोक हसायला लागले. माझ्या कानशिलातून वाफा निघाल्या.

मी आत घुसलो, त्याला ढाकेच्या डावावर घेतला आणि आपटला. त्यानं हात टेकला नाही, मान चोरली नाही, खांदा वळवला नाही. ओलं पोतं टाकावं तसा पडला. दोन्ही खांदे मातीला. पंचांनी शिट्टी मारली, कमिटीच्या अध्यक्षांनी लगबगीनं येऊन माझ्या डोक्यावर फेटा ठेवला, मी दोन्ही हात वर केले.

हलगी वाजेना. टाळी पडेना. मग कुठल्यातरी कोपऱ्यातून एकजण ओरडला, “नुराऽ!”

नुरा म्हणजे आधी ठरवून केलेली खोटी कुस्ती. तू पड, मी पाडल्यासारखं करतो. आमच्यात चोराला एकवेळ माफी मिळंल, पण नुरा करणाऱ्याला नाही. बघता बघता सगळं मैदान उठलं. “नुरा! नुरा! विकलेत दोघंबी!” चपला यायला लागल्या, ढेकळं यायला लागली. एवढ्यात जोतिराम उठून बसला. अंगावरची माती बघितली, माझ्याकडं बघितलं, पंचांकडं बघितलं आणि भाबडं तोंड करून विचारतो कसा, “कुस्ती कवा लावणार?”

झालं! लोकांना वाटलं, खोटं लढून वर आमची टिंगल करतोय. अध्यक्षांनी माझ्या डोक्यावरचा फेटा ओढून काढला. गर्दीच्या कडेला आई उभी होती, हातात झारा तसाच. तिच्या तोंडाकडं मला बघवलं नाही.

संध्याकाळी तालमीत गेलो तर आबा वस्ताद दारातच उभे. प्रत्येक पोराचा लंगोट तालमीतल्या आपापल्या खुंटीवर असायचा. आबांनी माझा लंगोट काढून हातात धरला होता.

“वस्ताद, आईची शपथ घेतो, मी खरी लढलो.”

“तू खरी लढलास. मग त्यो का न्हाई लढला?”

“मला काय ठाऊक? विचारा की त्याला!”

“नुरा एकट्यानं हुतीया व्हय रं?” आबांचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. “बारकं हुतास तवापास्नं तुला ह्या मातीत लोळवला. भजीवालीचं पोर म्हणून कुणी हसलं तर मी त्याची कानशिलं लाल केली. आणि तू माझ्या तोंडाला हे फासलंस.”

त्यांनी लंगोट उंबऱ्याबाहेर टाकला. “आत पाय ठेवू नगंस. ज्या दिवशी खरं काय ते घेऊन येशील, त्या दिवशी तुझी खुंटी तुला.”

मी लंगोट उचलला, झटकला आणि तिथंच ठरवलं. खरं काय ते जोतिरामाच्या नरड्यातून काढायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या घरी गेलो. दारात त्याची थोरली बहीण हौसाक्का शेणकूट थापत बसली होती. आईबाप गेल्यावर तिनंच त्याला वाढवलेला. नवऱ्याचं घर सोडून आलेली, जिभेला धार अशी की सावकारसुद्धा तिच्या दारावरून मुकाट जायचा.

“कशाला आलाईस?” ती मान वर न करता म्हणाली.

“जोतिरामाला बाहेर बोलव.”

“बोलवत न्हाई. जा, काय करणार हाईस?”

तेवढ्यात तोच बाहेर आला. मला वाटलं होतं, हा तोंड चुकवील. पण हा तर माझ्याच अंगावर आला!

“बरं झालं आलास. काय घातलं हुतंस मला?”

“काय घातलं?”

“कुस्तीआदी तुझ्या आईकडची भजी खाल्ली मी. त्याच्यात काय कालवलं हुतं म्हातारीनं? मला कुस्तीतलं कायसुदीक आठवत न्हाई. हात मिळवला एवढं आठवतंय आणि मग एकदम मातीत. गुंगीचं दिलंसा मला मायलेकरांनी! काल सगळ्या तालमीला सांगितलंय मी.”

म्हणजे सकाळी आईच्या गाड्याकडं कोणी फिरकलं का नव्हतं, ते मला आत्ता कळलं. मी त्याची कॉलर धरली. “आईवर येतोस? भाड्या, आईवर येतोस?”

त्यानं माझं मनगट पिरगाळलं. मी दुसरा हात उगारला. आणि तेवढ्यात त्याच्या बोटांतला जोर गेला. त्यानं डावा हात पोटावर ठेवला, काहीतरी आत ढवळल्यासारखा. नाक वर केलं.

“आक्का,” तो म्हणाला, “दूध करपतंय काय गं?”

चुलीवर काहीच नव्हतं. चूल विझलेली मला दारातून दिसत होती.

मग तेच. डोळे उघडे, आणि त्या डोळ्यांत जोतिराम नाही. मचमच, मचमच. उजवा हात मांडीवर, थप, थप. मी त्याला गदागदा हलवला. “सोंग करतोस? बोल की!” तो माझ्याकडं बघत होता आणि मी त्याला दिसत नव्हतो. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

“सोड त्याला!” हौसाक्का शेणाच्या हातानं धावली आणि तिनं मला मागं ढकलला. “सोड म्हणते न्हवं! धरलास की जास्त झटतोय.” ती त्याच्या बाजूला उभी राहिली, नुसती. जरा वेळानं त्याचा हात थांबला. तोंड थांबलं. त्यानं पापण्या मिटल्या, उघडल्या, आणि माझ्याकडं बघून म्हणाला, “तू कवा आलास?”

मगाचची शिवीगाळ याच्या गावीही नव्हती! त्याला झोप येत होती. हौसाक्कानं त्याला आत नेऊन निजवलं आणि बाहेर येऊन माझ्यासमोर ठाकली.

“बघितलंस न्हवं? आता जा, दवंडी पिट.”

“फेपरं हाय काय त्याला, आक्का?”

“जीभ हासडीन!” ती गरजली. मग इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. “फेपरं न्हाई. फेपरं आलेला माणूस धाडदिशी पडतोय, हातपाय झाडतोय, तोंडाला फेस येतोय. माझा भाऊ कवा पडला? जरा गुंग हुतोय, एवढंच. ल्हानपणी मोठा ताप आलता, तवापास्नं हाय. त्याला सांगितलं तर म्हणतो, आक्का, मी विचार करत हुतो. त्याचं लगीन ठरलंय किस्ना. पुढल्या महिन्यात. तुझ्या तोंडातनं एक अक्षर बाहेर पडलं तर बघ.”

“आणि माझं काय? मी नुरा, माझी आई भज्यात विष घालती, ते चालतंय व्हय तुला?”

ती तरातरा आत गेली. आणि तिनं माझ्या तोंडावर दार आपटलं.

मी तडक कोल्हापूरची एसटी धरली. जोतिरामाच्या काळजीनं नव्हे हो! त्याच्या डोक्यात काय बिघडलंय त्याच्याशी मला घेणंदेणं नव्हतं. मला माझी खुंटी परत पाहिजे होती. डॉक्टरचा शिक्का मारलेला कागद आणायचा, आबांच्या पुढं टाकायचा आणि म्हणायचं, हे घ्या खरं काय ते. मोठ्या दवाखान्यात मेंदूच्या डॉक्टरीणबाईंसमोर माझा नंबर लागला तेव्हा दुपार कलली होती. बाई दमलेल्या आणि वैतागलेल्या.

“काय होतंय?”

“मला न्हाई. माझा एक... दोस्त हाय.” हा शब्द मी कसाबसा बाहेर ढकलला.

मी सगळं सांगितलं. बाईंनी आधी अर्धवट ऐकलं, मग पेन खाली ठेवलं.

“आधी कसला वास येतो म्हणतो का तो? नसलेला?”

मी खुर्चीत पुढं सरकलो. “करपल्याचा,” मी म्हणालो. “दोन्ही वेळा.”

“पोटात काही?”

“पोटावर हात ठिवला हुता.”

“आणि नंतर त्यातलं काही आठवत नाही. झोप येते.”

“तुम्हाला कसं ठाऊक?”

“रोज बघते म्हणून.” बाईंनी समोरचा पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला. “हे बघ. फिट म्हणजे माणूस आडवा पडणार, हातपाय झाडणार, एवढंच तुम्हा लोकांना माहीत. सगळ्या मेंदूत एकदम गडबड झाली तर तसं होतं. पण काहींची गडबड एका कोपऱ्यात सुरू होते. तो कोपरा ज्या कामाचा, ते काम बिघडतं. वासाच्या कोपऱ्यात झाली तर नसलेला वास येतो. कुणाला पोटातून काही वर चढल्यासारखं वाटतं, कुणाला भीती वाटते, कुणाला वाटतं हे सगळं आधी घडून गेलंय. तेवढ्यावर थांबलं तर त्याला भान असतं. गडबड पसरली की भान जातं, पण माणूस उभाच असतो, डोळे उघडेच असतात. तोंड चावत राहतं, हात काहीतरी चाळा करत राहतो. एक-दोन मिनिटं. आणि लोक म्हणतात प्यालाय, माजलाय, सोंग करतोय.”

“हात मांडीवर थापट्या मारतोय, बाई. आखाड्यात मारतात तशा.”

“पैलवान आहे ना? कुणी शर्टाची बटणं चाचपतं, कुणी पदर चिवडतं. हा मांडी थापटत असेल.”

षड्डू नव्हता तो. माझी टिंगल नव्हती, आईची नव्हती. तो तिथं नव्हताच.

“म्हणजे फेपरंच म्हणायचं ह्याला?”

“फेपरं म्हण, मिरगी म्हण, अपस्मार म्हण. औषध आहे त्याला. रोज गोळी घेतली, झोप नीट ठेवली तर पुष्कळांचं थांबतं. घेऊन ये त्याला, तपासायला हवं. आणि तसं झालं तर धरून दाबू नका, तोंडात काही कोंबू नका, कांदा नि चप्पल हुंगवू नका. विस्तव-पाण्यापासून बाजूला घ्यायचं आणि शेजारी थांबायचं. बस्स.”

“मला तेवढा एक कागद द्या बाई. की त्याला हे हाय म्हणून.”

“रोगी न बघता? उठ इथनं!” त्या खरंच चिडल्या. मी दारापर्यंत पोचलो तेव्हा मागून म्हणाल्या, “आणि कुस्ती बंद कर म्हणावं. भान नसलेल्या माणसाला डोक्यावर टाकला तर मान मोडेल. मान वाचवायला भान लागतं. या वेळी वाचला ते त्याचं नशीब.”

गावात उतरलो तो थेट हौसाक्काच्या दारात. तिनं निम्मंही ऐकून घेतलं नाही. “गोळ्या येड्यास्नी देत्यात,” म्हणाली, आणि शेणाची पाटी उचलून माझ्यावर उगारली. मी निघून आलो. मरा म्हटलं, मला काय करायचंय.

पण मला करायचं होतं. रस्त्यानं गेलो की पोरं “नुराऽ” म्हणून पळायची. न्हाव्याच्या दुकानात शिरलो की बसलेली माणसं उठून जायची. आई रोज बाजारात कढई तापवायची आणि रोज पीठ तसंच घरी आणायची. एका शब्दानं माणसाचं काय होतं ते त्या दिवसांत मी बघितलं. शब्द तेवढाच, दोन अक्षरांचा, पण अंगाला चिकटला की घासून निघत नाही.

शेजारच्या गावची जत्रा आली. मी लांब, बाभळीखाली उभा होतो. निकाली कुस्त्या चालू असताना अचानक जोतिराम लंगोट कसून आखाड्यात उतरला. मुठीत माती घेतली, हात वर केला आणि मैदानाला फेरी मारायला लागला. आमच्याकडं असं जोड मागतात. आणि तो माझं नाव घेत होता.

“किस्नाऽ! कुठं लपलाईस? ये, आज भजी खाऊन आलो न्हाई मी!”

मैदान खदखदून हसलं. मागून कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आबा वस्ताद होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

“जा. हात दे त्याला. खरी कुस्ती कर, जिंक न्हाईतर हार. आज संध्याकाळी तुझा लंगोट मी माझ्या हातानं खुंटीला लावतो.”

“वस्ताद, न्हाई जमायचं.”

“का?”

मैदानाच्या पलीकडं आईचा गाडा दिसत होता, आणि गाड्यापासून जरा अंतरावर हौसाक्का. पदराचा बोळा तोंडात धरून माझ्याकडं बघत होती. एक शब्द बोललो असतो तर मी मोकळा होतो. आबांच्या कानात तरी. पण आबा बोलल्याशिवाय राहिले नसते, आणि मग तो शब्द जोतिरामाला चिकटला असता. मी आखाड्यात उतरलो. लढायला नाही, त्याला परत पाठवायला.

त्यानं मातीचा हात पुढं केला. मी हात दिला नाही. जवळ जाऊन कानात म्हणालो, “जोत्या, तुला आजार हाय. तुझ्या आक्काला विचार. दवाखान्यात जा, बरा हो, मग लढतो तुझ्याशी. आज माघारी जा.”

त्यानं सगळ्यांदेखत माझ्या थोबाडीत मारली.

आता मी काही संत नाही. माझ्या डोळ्यासमोर लाल झालं. डॉक्टरीणबाई गेल्या, हौसाक्का गेली, सगळं गेलं. मी मातीत हात घातला, त्याचा हात धरला आणि पंचांनी शिट्टी मारली. काय लढला तो! म्हशीसारखा रेटत होता. एकदा त्यानं पाय ओढून माझा पट काढला, मी कसाबसा सुटलो. एकदा मी त्याला गुडघ्यावर आणला. लोक उभे राहिले होते. आणि मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटत होतं. हलगी माझ्यासाठी वाजत होती.

पुन्हा खडाखडीला भिडलो. कपाळाला कपाळ.

“करपतंय,” जोतिराम म्हणाला.

त्याच्या पंज्यातला जोर गेलेला मला माझ्या मानेवर कळला. त्याचा श्वास माझ्या गालावर येत होता आणि दात मचमच करत होते. ढाकेचा घास अगदी तोंडासमोर होता. मारली असती तर जिंकलो असतो, किंवा त्याची मान मोडली असती, किंवा दोन्ही.

मी आणखी जवळ सरकलो. माझा खांदा त्याच्या तोंडाआड आणला, मान सैल धरली आणि तसाच उभा राहिलो. शेजारी थांबायचं, बस्स. त्याचा उजवा हात आमच्या दोघांच्या मध्ये आला आणि माझ्याच मांडीवर थापट्या मारायला लागला. थप, थप. मी हळूहळू त्याच्याबरोबर गोल फिरत राहिलो. कुणाला त्याचे डोळे दिसू नयेत एवढंच बघत होतो.

“लढा की रंऽ!” कुणीतरी ओरडलं. मग दुसरा. मग शिट्ट्या. “नुरा! पुन्यांदा नुराऽ!”

पंच जवळ आले. “लढताय का सोडवू?”

सोडवलं असतं तर त्यांनी त्याचं तोंड बघितलं असतं, आणि मग सगळ्या जत्रेनं. मला दुसरं काही सुचलं नाही. मी त्याला छातीशी घेतला, टाच मागं टाकली आणि त्याला वर घेऊन स्वतः पाठीवर पडलो. माझे दोन्ही खांदे मातीला. तो माझ्या छातीवर, त्याचं डोकं माझ्या हनुवटीखाली.

शिट्टी झाली. मी चीत.

जन्मात मी एकच नुरा केली, ती ही.

खालच्या तालमीची पोरं धावत आली आणि त्यांनी जोतिरामाला खांद्यावर घेतला. तो वरून गोंधळून विचारत होता, “कोण जिंकलं?” आणि पोरं हसत होती, “तूच की लेका!” माझ्या अंगावर ढेकळं येत होती. आबा वस्ताद तेवढे उभे होते. मी त्यांच्याकडं गेलो. त्यांनी बारीक नजरेनं माझ्याकडं बघितलं. आयुष्य मातीत गेलेला माणूस, तो काय फसणार?

“ही नुरा हुती,” आबा म्हणाले.

“व्हय वस्ताद.”

ते पाठ फिरवून गेले. त्यानंतर मरेपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि माझ्या खुंटीला दुसऱ्या पोराचा लंगोट लागला.

पुढच्या बाजारच्या दिवशी हौसाक्का आईच्या गाड्यासमोर येऊन उभी राहिली. बाजार भरलेला. तिनं मोठ्यानं भजी मागितली, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून जेवढ्या मोठ्यानं मागता येईल तेवढ्या. तिथंच उभं राहून, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडाकडं रोखून बघत, एक-एक करून सगळी खाल्ली. वर आणखी मागितली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. जाताना फक्त म्हणाली, “दवाखाना कुठला?”

मी सांगितला. ती गेली.

ती त्याला घेऊन गेली, गोळ्या सुरू झाल्या, कुस्ती सुटली. हात दुखावला म्हणून सोडली असं गावात सांगितलं. लग्नाआधी हौसाक्का स्वतः मुलीच्या घरी जाऊन खरं काय ते सांगून आली, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. मुलगी हो म्हणाली होती. तो पुढं खालच्या तालमीचा वस्ताद झाला. मी आईचा गाडा मोठा करून चौकात हॉटेल टाकलं. आणि हा पठ्ठ्या रोज संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर बसून, माझ्या हॉटेलकडं हात करून, पोरांना सांगायचा, “त्यो बघा, भजीवाला. त्याला मी चीत केलाय. थोबाडीत दिली, वर चीत केला.” मला ऐकू यायचं. मी कढईत झारा फिरवायचो. आत जाळ व्हायचा, पण बोललो नाही.

हौसाक्का गेली त्याला आता चार वर्षं झाली. तेव्हा तिच्या उत्तरकार्याच्या आदल्या दिवशी सकाळी जोतिराम माझ्या हॉटेलात शिरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. डोक्याचे केस काढलेले, डोळे लाल. गिऱ्हाइकं खाता खाता थांबली.

“बाहेर ये,” तो म्हणाला.

मी बाहेर गेलो.

“आक्का जाताना बोलली मला,” तो म्हणाला. “ती कुस्ती नुरा हुती?”

आता काय सांगायचं होतं? “व्हय.”

“तू मुद्दाम पडलास?”

“व्हय.”

“भाड्या!” तो ओरडला. “इतकी वर्सं मी ती कुस्ती पोरास्नी सांगतोय! जिंकल्याली एकच मोठी कुस्ती माझी! तू कोण रं मला भीक घालणारा? सांगायला काय झालं हुतं तुला?”

“सांगितलं हुतं. कानात. तू थोबाडीत दिलीस.”

त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्यानं उपरण्यानं रागारागानं पुसलं. मग खाली वाकला. चौकातल्या धुळीत हात घातला, मूठ भरली आणि हात माझ्यापुढं धरला.

“खरी लावायची. आत्ता. तालमीत.”

आमची दोघांची पन्नाशी उलटलेली. माझा एक गुडघा वळत नाही, त्याचं पोट लंगोटात मावणार नाही. हॉटेलातली माणसं दारात येऊन बघायला लागली होती.

“गोळी घेतलीस सकाळची?” मी विचारलं.

“घेतली.”

मी त्याच्या हातातली माती घेतली. “मग चल.”